खिडकीच्या घामाची वही

३ डिसेंबर
बाहेर ६, खोलीत १९, चौकटीवर ९.

वरचे आकडे सुनेचे, खालचं सगळं माझं. मला अक्षरओळख नाही. मी बोलते, ती लिहिते. ती खरंच काय लिहिते ते मला कधीच कळणार नाही, म्हणून तिला आधीच बजावलंय: बोलले तेच लिहायचं, वर इस्त्री फिरवायची नाही.

वही मुलाने आणली. गेल्या आठवड्यात माझ्या खोलीची जुनी खिडकी काढून नवी लावली. बनवली मुलाने, बसवली मिस्त्रीने. आता रोज सकाळी तीन थर्मामीटर वाचून आकडे लिहायचे. एक खिडकीबाहेर, एक माझ्या उशाशी, आणि एक खिडकीच्या खालच्या आडव्या चौकटीवर बरोब्बर मध्ये चिकटवलेला. चौथा रकाना आहे, 'खोलीत राहणाऱ्या व्यक्तीला काय वाटले'. सुनेने तो वाचून दाखवला आणि मला हसूच आलं. या घरात येऊन साठ वर्षं झाली. मला काय वाटलं याला आज पहिल्यांदा रकाना मिळाला, तोही बोटभर रुंदीचा.

"एका शब्दात सांगा," सून म्हणाली. "उबदार की गार?"

"दमले."

"ते खिडकीचं नाही ना, आई."

"मग खिडकीलाच विचार."

तिने पेन ठेवलं, डोळे चोळले. दिवसभर वर्कशॉपचे फोन, मापं, गिऱ्हाइकांची बोलणी, आणि वर ही सासू. मग रकाना सोडून तिने कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "बोला."


५ डिसेंबर
बाहेर ५, खोलीत १९, चौकटीवर ९.

मुलाने मला कापलेल्या चौकटीचा एक तुकडा हातात दिला. आमचं वर्कशॉप खाली अंगणात आहे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं. असे तुकडे मी जन्मभर पायाखालून झाडून काढले, पण हा वेगळा होता. आत एक धातू, बाहेर एक धातू, आणि दोघांच्या मध्ये कडक काळ्या प्लास्टिकची पट्टी.

"आई, ॲल्युमिनियमला बाहेर थंडी लागली की ते तशीच्या तशी आत पोचवतं," तो म्हणाला. "म्हणून जुन्या चौकटी आतून गार पडतात, घामेजतात, आणि खोलीतली ऊब वाया जाते. ही पट्टी मध्ये बसली की निरोप पुढे जात नाही."

"म्हणजे धातू चुगलखोर आहे," मी म्हटलं. "आणि ही दोन जावांच्या मध्ये बसवलेली मुकी नणंद."

तो हसला. फार दिवसांनी हसला. मग लगेच कपाळ चोळायला लागला, कारण अजून तरी निरोप पुढे जातोय. खोलीत एकोणीस असेल तर चौकट चौदा-पंधराला हवी म्हणे. ती नऊवर अडून बसलीये.

हे सगळं कशासाठी, तर एका प्रसूतिगृहाच्या चौसष्ट खिडक्यांसाठी. तिथल्या जुन्या चौकटींना इतका घाम येतो की थंडीत बाळांचे पाळणे भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये ठेवावे लागतात. बावीस जानेवारीला तपासणारी बाई येणार, माझ्या खोलीतली खिडकी बघणार. पास झाली तर काम आपलं. नाही झाली तर वर्कशॉप एका मोठ्या कंपनीच्या हवाली, आणि मुलगा त्यांच्या दुकानात कोट घालून नमुने दाखवायला उभा राहणार. मिस्त्रीचं काय, ते कोणी बोललं नाही.


८ डिसेंबर
बाहेर ७, खोलीत २०, चौकटीवर १०.

या खिडकीबद्दल तक्रार एकच: ती फार शिकलेली आहे. एकदा मिटली की मिटली. पूर्वी सकाळी अंगणात शटर वर जायचं ते मला ऐकू यायचं. आधी कडी, मग खडखड, मग मिस्त्रीचा खोकला. मिस्त्री आला म्हणजे दिवस लागला. आता सगळं मुकं. काचेतून दिसतं, पण लोक तोंडं हलवतात आणि आवाज नाही, मासे पाळल्यासारखं वाटतं.

माझी खुर्ची खिडकीपासून दोन हात लांब असते. खिडकीशी टेकून मी उभी राहत नाही. सवय नाही.


१० डिसेंबर
बाहेर ४, खोलीत १९, चौकटीवर ९.

मिस्त्री वर आला होता, हँडल जरा घट्ट फिरतंय म्हणून. सत्तरीला टेकलाय. चौकटीच्या चारी बाजूंना त्याने बोटाने टकटक केली आणि नेहमीसारखं म्हणाला, "वहिनी, हलायची नाही."

तो गेल्यावर सुनेने विचारलं, "काका प्रत्येक वेळी तुम्हालाच का सांगतात, हलायची नाही म्हणून?"

मी दमले होते. दमलं की माणूस खरं बोलतं, म्हणून सांगून टाकलं.

एकतीस वर्षांपूर्वी आमचे हे तिसऱ्या मजल्यावर नव्या बसवलेल्या खिडकीतून बाहेर वाकले, बाहेरची कड सरळ आहे का ते बघायला. चौकट भिंतीतून सुटली आणि यांना घेऊन खाली गेली. अकरा दिवस दवाखान्यात होते, मग गेले. ती खिडकी कोणी बसवली होती ते मी विचारलं नाही. नंतर मिस्त्री दारात आला आणि तसाच उभा राहिला. तेव्हा मी म्हटलं, यापुढे तुझ्या हिशेबाने जितके स्क्रू लागतील तितके लाव. त्यावर प्रत्येक बाजूला मध्ये एक लांब स्क्रू माझ्या नावाने. आतल्या कडेतून तिरपा, चौकटीच्या आरपार, थेट भिंतीत. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, माझ्या मुलालाही नाही. पोर तेव्हा एकोणीस वर्षांचं होतं, त्याला खिडक्यांची भीती बसली असती.

मिस्त्रीने आजतागायत पाळलंय. स्क्रूच्या डोक्यावर त्याच रंगाची पुट्टी भरतो, कोणाच्या बापाला दिसत नाही. या गावात माझ्या नावाचे इतके स्क्रू आहेत की एखाद्या पुढाऱ्याच्या नावाच्या तितक्या पाट्या नसतील.

हे लिहू नकोस, मी सुनेला म्हटलं.

"नाही लिहीत."

"मग पेन का चालतंय?"

"रेघ मारतेय, आई."


१४ डिसेंबर
बाहेर १, खोलीत १९, चौकटीवर ८.

आज खिडकीला घाम फुटला. काम मुलाने केलं आणि घाम खिडकीला.

मी एका हाताने पलंगाची दांडी धरली आणि दुसरा हात लांबवून चौकट चाचपली. सगळी चौकट गार नाही. बहुतेक ठिकाणी ती कोरडी आहे, हाताला बरी लागते. पण खाली मध्ये, थर्मामीटर चिकटवलाय तिथे, एक ठिपका बर्फासारखा. डाव्या बाजूला मध्ये एक. उजवीकडे एक. कोटाच्या बटणाएवढे. वर माझा हात पोचत नाही, पण तिथूनही मधोमध एक ओघळ आलाय. कोणीतरी खिडकीला चार बटणं लावल्यासारखं.

मुलाला सांगितलं. तो जिन्यातच उभा होता, एक पाय वर एक पाय खाली. म्हणाला, "आई, तुझ्या बोटांना कढत चहाचा पेला समजत नाही आणि तू मला डिग्र्या सांगतेस?"

मी म्हटलं बरं. मग त्याने येऊन काच पुसली आणि म्हणाला पट्टीच खराब निघाली असणार, दुसरी मागवतो. डोळ्यांखाली काळं झालंय त्याच्या. जेवताना घास हातात धरून बसतो.


१७ डिसेंबर
बाहेर ३, खोलीत १५, चौकटीवर ८.

पकडले गेले.

रोज सकाळी मी काठीच्या वाकड्या टोकाने हँडल फिरवते आणि खिडकी बोटभर उघडते. खुर्चीत बसल्या बसल्या जमतं, सरावाने. शटर वर गेलं, मिस्त्री खोकला, की काठीनेच ढकलून बंद. आज बंद करायच्या आधी मुलगा आत आला.

"आई! म्हणून खोली पंधरावर आलीये! मी तिकडे पट्ट्या बदलतोय, रबरं बदलतोय, आणि तू इकडे खिडकी उघडून बसतेस?"

"बोटभरच."

"बोटभर म्हणजे सगळी ऊब बाहेर! का पण?"

शटर ऐकायला, असं सांगायला लाज वाटली. म्हटलं, हवा हवी होती. तो खाली बसला माझ्या पलंगावर, एकदम म्हाताऱ्यासारखा. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "एवढा महिना बंद ठेव. प्लीज."

सुनेने विचारलं, हे लिहू का. म्हटलं लिही. गुन्हा कबूल करायचा तर पुरा करावा.


२७ डिसेंबर
बाहेर २, खोलीत १९, चौकटीवर ८.

दहा दिवस खिडकी बंद. काठीला सुट्टी. मुलाने पट्टी बदलली, काचेभोवतीचं रबर बदललं, पोकळीत तो फुगून कडक होणारा फेस भरला. प्रत्येक वेळी मिस्त्रीने चौकट काढली आणि पुन्हा बसवली, एकटाच, दार लोटून घेऊन, नेहमीसारखा. प्रत्येक वेळी टकटक करून म्हणाला, "हलायची नाही." प्रत्येक वेळी दुसऱ्या सकाळी चार ठिपके तिथल्या तिथे.

मुलगा म्हणतो बसवण्यात चूक होतेय. काकांचा हात थरथरतो, फटी राहतात. मी म्हटलं, त्याचा हात थरथरतो तो चहाच्या कपाला, ड्रिलला नाही. पण माझं कोण ऐकतं, मी रकान्याबाहेर बोलते.

आज चौघंही इतकी दमली होती की जेवताना चमच्यांचाच आवाज. मिस्त्रीला मी थांबवून घेतलं होतं जेवायला. तो आणि मुलगा एकमेकांकडे बघत नव्हते. मीठ दोघांनीही माझ्याकडे मागितलं.


२ जानेवारी
बाहेर ०, खोलीत १९, चौकटीवर ७.

आज काचेतून अंगण बघत बसले होते. मुलगा आणि मिस्त्री बोलत होते. म्हणजे मुलगाच बोलत होता, हात हलवून. मिस्त्री मान घालून ऐकत होता. मग त्याने ड्रिल पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीचा खटका दोनदा लावला. खिशातून शटरची किल्ली काढून मुलाला दिली. मुलाने घेतली आणि पाठ फिरवली, आणि मिस्त्री पेटी घेऊन हळूहळू फाटकाबाहेर गेला.

बरं झालं. थोडे दिवस सुट्टी दिलेली दिसते. म्हाताऱ्याला विश्रांती हवीच होती, आणि उद्यापासून मुलाला लवकर उठून शटर उघडावं लागेल, त्याचीही सवय मोडलीये.

सुनेने हे लिहिलं आणि बराच वेळ खिडकीकडे बघत बसली. म्हटलं काय झालं? म्हणाली, काही नाही आई, पेनात शाई अडकतेय.


४ जानेवारी
बाहेर २, खोलीत १९, चौकटीवर ८.

शटर उशिरा उघडलं. काचेतून बघून कळलं. मुलाने एका हाताने ओढलं, अर्ध्यावर अडकलं, मग लाथ मारली. मिस्त्री कधी लाथ मारत नाही.

सुनेला विचारलं, मिस्त्री कधी येणार? ती म्हणाली, बरं नाही त्यांना.

"काय झालंय?"

"वय."

"ते मलाही झालंय. मी रोज येतेच की जेवायला."

ती हसली नाही. माझे विनोद आताशा तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मध्ये पट्टी आहे.


६ जानेवारी
बाहेर १, खोलीत १९, चौकटीवर ८.

आज सून लिहायचं सोडून वहीची मागची पानं उलटत होती. मुलाने तिला सांगितलंय, घाम कुठल्या कुठल्या तारखेला आला त्याची यादी कर, म्हणजे पट्टीवाल्यांकडे तक्रार करता येईल. ती वाचत गेली. मग थांबली. परत मागे गेली. परत पुढे आली. एक बोट एका पानात आणि दुसरं दुसऱ्या पानात.

"आई," ती म्हणाली, "चौदा तारखेला तुम्ही म्हणालात, चार गार ठिपके, प्रत्येक बाजूला मध्ये एक."

"म्हणाले असेन. माझ्या बोटांना काय कळतंय, विचार तुझ्या नवऱ्याला."

"आता दहा तारखेचं ऐका." आणि तिने वाचलं. आमचे हे, तिसरा मजला, अकरा दिवस. प्रत्येक बाजूला मध्ये एक लांब स्क्रू, आतल्या कडेतून तिरपा, चौकटीच्या आरपार.

मी म्हटलं, "हे लिहू नकोस म्हटलं होतं."

"तेही लिहिलंय."

आमच्या दोघींच्या मध्ये तो कापलेला तुकडा टेबलावर पडलेला. आतला धातू, काळी पट्टी, बाहेरचा धातू. मी त्यावर बोट ठेवलं आणि तिरपं फिरवलं, आतून बाहेर. पट्टीच्या आरपार. लोखंडाचा लांब स्क्रू तो, धातूसारखाच चुगलखोर. मुक्या नणंदेला मी मधोमध भोसकलं होतं. चार ठिकाणी. माझ्या नावाने.

"मिस्त्रीला सुट्टी नाही दिलेली," मी म्हटलं.

"नाही."

"काढलंय."

"हो, आई." मग ती म्हणाली, "मी सांगू त्यांना, की तुम्ही सांगता?"

डोकं दुखतंय म्हटलं. खोटं नव्हतं.


७ जानेवारी
बाहेर २, खोलीत १९, चौकटीवर ८.

आज काही बोलायचं नाही.

सून म्हणाली, तेवढंच लिहू? म्हटलं, तेवढंच लिही. आणि जेवले नाही तेही लिही. नाहीतर तो म्हणेल हिला काही वाटतच नाही.


८ जानेवारी
बाहेर १, खोलीत १९, चौकटीवर ८.

सकाळी मुलगा थर्मामीटर बघायला आला तेव्हा सांगितलं. बस म्हटलं, तो बसला नाही. मग सांगत गेले तसा बसला. त्याला त्याच्या बापाचं पडणं माहीत होतं. त्यानंतरचं माहीत नव्हतं.

"एकतीस वर्षं?" तो म्हणाला. "प्रत्येक खिडकीत?"

"प्रत्येक."

"आणि मी काकांना म्हटलं..." पुढचं मलाही ऐकायचं नव्हतं. खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून त्याने थर्मामीटरमागची पुट्टी खरवडली. निघालं डोकं. एवढंसं, चकचकीत. त्याच्याकडे तो असा बघत राहिला जणू बापच दिसलाय.

मी म्हटलं, "रागाव हवं तर."

"कोणावर?" तो म्हणाला. "ताकदच नाही आई."

मग बूट न घालता, चपलांवरच मिस्त्रीच्या घरी गेला. तासाने परत आला, एकटाच. म्हणाला, "माफी मागितली. काका म्हणाले, ठीक आहे. कामावर चला म्हटलं. म्हणाले, येतो. स्क्रू काढायचे आहेत म्हटलं, तर म्हणाले, त्या स्क्रूंना मी हात लावणार नाही आणि तूही लावायचा नाहीस. ज्यांनी सांगितलं त्यांनी मागे घेतल्याशिवाय नाही."

दोन आठवडे उरलेत. चौसष्ट खिडक्या, त्यांच्यामागची बाळं, आणि हे सगळं एका विधवेच्या तोंडच्या चार शब्दांवर अडलेलं. मी इतकी महत्त्वाची आहे हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी जरा कमी बोलले असते.


९ जानेवारी
बाहेर ३, खोलीत १९, चौकटीवर ८.

मिस्त्री आला. पेटी खाली ठेवली, उघडली नाही. सुनेला मी म्हटलं तू लिही, आज सगळंच लिही.

"वहिनी, तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं तेव्हा मी रडत होते. रडणाऱ्या बाईचं इतकं कोण ऐकतं?"

"मागे घेतलं नाहीत तुम्ही."

"विसरले होते मागे घ्यायला. आता घेते."

तो चौकटीकडे बघत राहिला. "ही नवी चौकट. दोन तुकडे, मध्ये प्लास्टिक. प्लास्टिकवर माणूस टेकणार."

"बाकीचे स्क्रू किती आहेत?"

"चौदा. सरळ भिंतीत, पट्टीला न लागता."

"चौदा कमी पडतात?"

"त्या दिवशी आठ होते," मिस्त्री म्हणाला. मग म्हणाला, "मीच बसवली होती. तुम्ही विचारलं नाहीत कधी."

"विचारलं नाही म्हणजे माहीत नव्हतं असं कोण म्हणालं?"

त्याने मान वर केली. मी म्हटलं, "तू बसवलीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. गवंड्याने भिंत कच्ची ठेवली होती तेही कळलं होतं. आणि आमचे हे, एवढं मोठं पोट घेऊन वाळत घातलेल्या गोधडीसारखे बाहेर लोंबले होते, तेही. तुझ्या एकट्याच्या वाट्याला सगळं येत नाही. जरा दुसऱ्यांनाही राहू दे."

त्याने नाक ओढलं आणि पेटीचा खटका उघडला. ड्रिल उलटं फिरवलं. हात थरथरत नव्हता, हे मुलाने ऐकावं म्हणून मोठ्याने म्हणते. एकेक स्क्रू बाहेर आला तसा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. बोटापेक्षा लांब. गार होते, मग माझ्या मुठीत तापत गेले. चौथा वरचा काढायला तो स्टुलावर चढला तेव्हा सुनेने वही सोडून स्टूल धरलं, म्हणून मधलं काही राहिलं असेल तर ते तिच्या माथी.

भोकं बुजवून झाली तरी मिस्त्री हलेना. चौकट दाबून बघत राहिला. मला कळलं याला अजून विश्वास नाही. मलाही नव्हता, खरं सांगायचं तर.

"उघड खिडकी," मी म्हटलं.

"वहिनी, नको."

"उघड."

पलंगाची दांडी सोडली. दोन हात अंतर ते काय, पण चार पावलांत कापलं. कोपरं खालच्या चौकटीवर टेकली आणि आहे नाही तेवढं सगळं वजन घातलं. फार नाही, पण होतं तेवढं सगळं. आणि वाकून खाली बघितलं. एकतीस वर्षांत खिडकीतून असं वाकून खाली बघितलं नव्हतं. शेडच्या पत्र्यावर कोणाचा तरी मोजा पडलाय. फाटकाजवळची कुंडी फुटलीये, ते मला कोणी सांगितलंच नाही. आणि अंगणात मुलगा, मान वर, तोंड उघडं.

"तोंड मिट," मी वरून ओरडले.

मागे काहीतरी ओढल्यासारखं लागत होतं. वळून बघितलं तर मिस्त्रीने माझ्या शालीचं टोक दोन्ही मुठींत धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती.

"हलायची नाही," मी त्याला म्हटलं.


११ जानेवारी
बाहेर १, खोलीत १९, चौकटीवर १५.

सुनेने आकडा तीनदा वाचला. मी म्हटलं, एकदा पुरे, मी बहिरी नाही, निरक्षर आहे.

चौकट कोरडी. चारी बाजूंनी.


२२ जानेवारी
बाहेर ४, खोलीत २०, चौकटीवर १६.

तपासणारी बाई आली. तरुण आहे, पण तिलाही झोप हवी होती, डोळ्यांवरून कळत होतं. तिच्या यंत्रात गार जागा निळी दिसते आणि उबदार जागा लाल. खिडकीवरून फिरवलं. मग चुकून माझ्यावर फिरलं. मी लाल निघाले. "आजी, तुम्ही सगळ्यांत उबदार," ती म्हणाली. मी म्हटलं, हे माझ्या सुनेला लेखी द्या.

खिडकी पास. फार थाटात नाही, जेमतेम. कागदावर तिने सही केली, मुलाने तो कागद घेतला, आणि आमच्याकडे कोणी नाचलं वगैरे नाही. मुलगा माझ्या पलंगावर आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला, भरदुपारी, बुटांसकट. सुनेने बूट काढले. मग ती पण पायथ्याशी बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपली. बाईला चहा मिस्त्रीने करून दिला. कप थरथरला, बशीत सांडला. तिने कागदावर त्याचं काही लिहिलं नाही.

हे सगळं सून उठल्यावर संध्याकाळी लिहिलंय.


२५ जानेवारी
बाहेर ५, खोलीत १९, चौकटीवर १५.

आज प्रसूतिगृहात पहिल्या सहा खिडक्या बसल्या. मिस्त्रीने बसवल्या, मुलाने माप धरलं. शटरची किल्ली परत मिस्त्रीकडे आहे. मुलाने मला सकाळी पाच मिनिटं खिडकी उघडायची परवानगी दिलीये. काठीने नको, हाताने उघड म्हणाला. मीही आता हाताने उघडते. कडी, खडखड, खोकला.

बंद करताना सहज चौकटीवरून हात फिरवला. खाली मध्ये, जिथे जुनं भोक बुजवलं होतं, तिथे बोटाला काहीतरी लागलं. पुट्टीखाली एवढंसं डोकं. नवं. नखाने जरा खरवडलं आणि दाबून बघितलं, तर डोकं हललं. लांब नाही, आखूड आहे, आतल्या धातूत जेमतेम अडकलेला. पट्टीपर्यंत पोचतही नाही. काही धरत नाही, काही पोचवत नाही. आणि गार नाही. बोट ठेवून बराच वेळ बघितलं. मुळीच गार नाही.

"आई, काय चाचपताय?" सून म्हणाली.

"काही नाही. हे लिहू नकोस."

"रेघ मारतेय."

"सरळ मार," मी म्हटलं, आणि पुट्टी अंगठ्याने परत दाबून बसवली.